नांदूर शिंगोटे आलं की

परवा दुपारी एसटीने संगमनेरला निघाले होते. सिन्नर मागे पडलं, नांदूर शिंगोटे जवळ आलं आणि पाहते तर हातातली बांगडी मी केव्हाच ओढणीखाली सरकवलेली. बांगडी कसली, तर एक ग्रॅमवाली! स्वतःशीच हसले. पण ओढणी काही बाजूला केली नाही.

ही आजीची देणगी. तिचं माहेर संगमनेरचं. दर मे महिन्यात नाशिकहून आम्ही लाल डब्यातून निघायचो. सिन्नरचा स्टँड सुटला की आजी भर उन्हाळ्यात खिडकीची काच ओढून घ्यायची. मोहनमाळ पोलक्यात सोडायची, पाटल्या कोपराकडे ढकलायची, वरून पदर घट्ट लपेटायची आणि मला दटावायची, "गप बस आता. नाइकाचा मुलूख आलाय." मी श्वास रोखून उजवीकडच्या डोंगरांकडे बघत बसायचे. घोडेस्वार काही यायचे नाहीत. यायचा तो भेळवाला. त्याच्याशीही आजी पदराआडूनच घासाघीस करायची.

नाईक म्हणजे भागोजी नाईक, हे पुष्कळ पुढे कळलं. गडी आधी नगरच्या पोलिसातलाच. १८५५ साली शिक्षा झाली. सुटून आल्यावर चांगल्या वर्तणुकीचा वर्षभराचा जामीन मागितला. ते वर्ष सरलं, हत्यारं काढून घेण्याचा हुकूम निघाला आणि हा माणसं जमवून सरळ डोंगरात गेला. ४ ऑक्टोबर १८५७ला इथेच, नांदूर शिंगोट्याच्या अंगाला झालेल्या चकमकीत पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री पडला. पुढे दोन वर्षं पाठलाग. ११ नोव्हेंबर १८५९ला सिन्नर तालुक्यातच, मिठसागऱ्याजवळ, फ्रँक सूटरच्या तुकडीने भागोजीला गाठलं. तिथेच तो मारला गेला. साहेबाच्या दफ्तरात तो दरोडेखोर, आता आपल्या भाषणांत क्रांतिकारक. आजीला या दोन्हींशी देणंघेणं नव्हतं. नाईक म्हणजे नाईक, मेल्यावर शंभर वर्षांनीही बायकांना पदर सावरायला लावणारा.

त्याच्या आधीचा बंडखोर राघोजी भांगरे, त्याची मात्र तिला भीती नव्हती. तो पलीकडे नगरच्याच अकोले तालुक्यातल्या डोंगरातला. इंग्रजांनी २ मे १८४८ला त्याला ठाण्याला फाशी दिलं. त्याच्या गोष्टी आजी अगदी रंगात येऊन सांगायची, कारण तो सावकारांच्या वाटेला जायचा. सावकारांच्या वह्या कशा जाळल्या, हे सांगताना तर ती शेंगा फोडायचीही थांबायची.

बस नांदूर शिंगोट्याला थांबली तशी खाली उतरून उसाचा रस घेतला, बिनबर्फाचा. रसवंतीवाल्या पोराला विचारलं, "भागोजी नाइकाची लढाई नक्की कुठे झाली रे?" तो म्हणाला, "मावशी, सुट्टे द्या."

मोहनमाळ या रस्त्यावर कधीच कुणी लुटली नाही. ती गेली आजोबांच्या आजारपणात, नाशकातच, एका सराफाच्या पेढीवर, पंख्याखाली बसून, रीतसर पावती घेऊन. मी सोबत होते. पावतीची घडी घालून आजीने ती पोलक्यात ठेवली, माळ असायची तिथेच. पदर मात्र तिने सावरला नाही.