नसलेल्या भावाचे नाव

इंग्रजीतील ‘अडॅप्टेशन’ या एका शब्दासाठी मराठीत दोन शब्द लागतात. पुस्तकाचा चित्रपट होतो ते रूपांतर आणि भोवतालाशी जुळवून घेत एखादी वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाते ते अनुकूलन. दिग्दर्शक स्पाइक जोन्झ यांच्या याच नावाच्या २००२ सालच्या विनोदी चित्रपटात हे दोन्ही अर्थ एकाच हैराण लेखकाच्या वाट्याला येतात.

लेखिका सुझन ऑर्लीन यांनी १९९८ साली जॉन लारोश या ऑर्किडवेड्या माणसावर एक पुस्तक लिहिले. फ्लोरिडातील फकाहॅची स्ट्रँड या दलदलीच्या राखीव जंगलातून दुर्मिळ ऑर्किडे नेताना तो पकडला गेला होता. या पुस्तकाची पटकथा करण्याचे काम चार्ली कॉफमन यांच्याकडे आले. पण त्यात फुले आणि माणसाचे वेड असले, तरी पटकथा पुढे नेईल असा संघर्ष त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी आपले अडून बसणेच पटकथेत लिहिले, नायकाला स्वतःचे नाव दिले आणि त्याला डॉनल्ड नावाचा एक जुळा भाऊही दिला. प्रत्यक्षात असा भाऊ कधीच नव्हता.

निकोलस केज यांनी दोन्ही भूमिका केल्या आहेत. चेहरा तोच असूनही समोर कोण आहे हे खांद्यांच्या ठेवणीवरूनच ओळखू येते, आणि या कामाचे मला दर वेळी नवल वाटते. चार्ली कोऱ्या कागदासमोर घाम पुसत बसतो, तर डॉनल्ड पटकथालेखनाच्या वर्गाला जाऊन एक ठोकळेबाज खूनकथा लिहितो आणि ती चढ्या भावाने विकली जाण्याची चिन्हे दिसू लागतात. सुरुवातीला चार्लीने निर्मिती संस्थेतील बाईंना बजावलेले असते की, आपल्या चित्रपटात बंदुका, मोटारींचा पाठलाग किंवा शेवटी आयुष्याचा धडा शिकणारी माणसे नसतील. (ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी इथेच थांबावे.) तो हरतो आणि भावाला मदतीला बोलावतो. तेथून कथा डॉनल्डच्या वळणावर जाते: अमली पदार्थ येतात, बंदूक येते, पाठलाग होतो, दलदलीतली मगरही येते. अनेकांना हा शेवटचा भाग घसरलेला वाटतो. मला मात्र तो चित्रपटाचा सर्वांत धाडसी भाग वाटतो, कारण लेखकाची शरणागती तिथे कोणी बोलून दाखवत नाही, पटकथाच ती पत्करते.

आणि याच भागात, दलदलीत लपून बसले असताना, दोघा भावांत शाळेतल्या एका मुलीची आठवण निघते. डॉनल्डला ती आवडत असे, पण त्याची पाठ वळताच तिने मैत्रिणीबरोबर त्याची टिंगल केली, हे चार्लीने पाहिलेले असते. डॉनल्ड म्हणतो, तेही मला ठाऊक होते. पण ते प्रेम माझे होते, ते माझ्याकडून काढून घेण्याचा अधिकार तिलाही नव्हता. ज्याला आपण इतका वेळ उथळ समजून हसत आलो, तोच हे इतक्या साधेपणाने सांगतो, तेव्हा माझ्या घशात आवंढा येतो. चार्लीकडे बुद्धी आहे, भाषा आहे, पण इतके निर्भय प्रेम त्याने कशावरच केलेले नसते, स्वतःच्या लेखनावरही नाही.

क्रिस कूपर यांना लारोशच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले आणि ते योग्यच झाले. पटकथेच्या नामांकनात चार्ली आणि डॉनल्ड अशी दोघांची नावे होती. याकडे केवळ गंमत म्हणून पाहणे मला पटत नाही. श्रेयनामावलीत पटकथाकार म्हणून दोघांची नावे शेजारी शेजारी येतात आणि चित्रपटाच्या अखेरीस डॉनल्ड कॉफमनच्या स्मृतीला वाहिलेली अर्पणपत्रिका दिसते.