मिटलेला शॉकअप

श्रावणातला रविवार, संध्याकाळची वेळ. गॅरेजचं शटर निम्मं खाली ओढलं होतं, तेवढ्यात मामांचा फोन आला. "मिस्त्री, जोतिबावरनं बोलतोय. हॉर्न गेला, इंडिकेटर गेलं, ब्रेकची लाइट बी नाही. आणि मागनं रबर जळल्यागत वास यायलाय."

मी विचारलं, गाडी चालू आहे का?

"चालू हाय की. ती कुठं बंद पडत्या?"

यामाहा आरएक्स हंड्रेड ती. इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या चकतीवर, त्यामुळं बॅटरीकडचा फ्यूज उडाला तरी इंजिनाला पत्ता नसतो. तेव्हा फ्यूज उडालाय हे कळलं. पण रबराच्या वासानं माझ्या पोटात गोळा आला. आठच दिवसांपूर्वी त्या गाडीला मागचे शॉकअप, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्या, मी बसवले होते, आणि ते तिचे नव्हते.

मामा म्हणजे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. माझे सख्खे कुणी नव्हेत, पण सगळी गल्ली मामाच म्हणते. दर रविवारी मामींना मागं बसवून जोतिबाला जायचं हा त्यांचा नेम. गाडी आरएक्स बनायच्या शेवटच्या वर्षातली, १९९६ची. कोल्हापुरात आरएक्सवर किती जीव टाकतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. ९८ सीसीचं इंजिन, पण थ्रॉटल पिळला की पोरं अजून वळून बघतात. तिचे जुने शॉकअप मात्र तेल गळून गळून कोरडे पडले होते, नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या. खड्ड्यातून गेलं की गाडी तीन-तीन वेळा झोके घ्यायची. मधे बाजारातली एक स्वस्त जोडी टाकून बघितली, ती चार महिन्यांत तशीच झाली. मामींची कंबर धरायला लागली, तेव्हा मामा म्हणाले, "मिस्त्री, पैशाकडं बघू नका. बसल्यावर एसटीची सीट आठवली नाही पाहिजे."

मी एका दीडशे सीसीच्या गाडीचे गॅसचे शॉकअप काढले. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लोक वाचतात आणि तेच आणायला पळतात, आणि त्याच गाडीच्या दोन सालांच्या मॉडेलांत माप वेगळं निघतं. जुन्या शॉकअपमध्ये खराब रस्त्यावर तेल सारखं घुसळून त्याला फेस येतो, आणि फेसाळ तेल रॉडला अडवत नाही. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजनच्या दाबाखाली तेल राहतं, त्यामुळं फेस कमी. लांबच्या घाटात हा फरक बुडाला कळतो.

मापं मी नीट घेतली होती, असं मला वाटत होतं. वरच्या डोळ्याच्या, म्हणजे गाडीला अडकवायच्या कडीच्या, मध्यापासून खालच्या डोळ्याच्या मध्यापर्यंत नवा शॉकअप जुन्यापेक्षा फक्त ८ मिलिमीटर लांब. म्हणजे अडीच सूत. एवढ्यानं गाडीचं मागचं अंग किंचित वर येतं, हँडल जरा हलकं लागतं, डबल स्टँडवर चाक पूर्वीइतकं अधांतरी राहत नाही. चेनचा ढिलेपणा परत बघावा लागतो, कारण मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मचा कोन बदलला की चेनचा ताणही बदलतो. हे सगळं मी केलं.

खरी कसरत बुशची, म्हणजे डोळ्यात बसणाऱ्या नळीची होती. नव्या शॉकअपच्या डोळ्यातलं भोक मोठं, गाडीचा खुंटा बारीक. असल्या ठिकाणी काही जण टिनपत्री गुंडाळून ठोकतात. महिन्याभरात पत्री चुरगाळते, शॉकअप खडखडतो आणि खुंटाच खातो. मी उद्यमनगरात आमच्या लेथवाल्या टर्नरकडं गेलो, व्हर्नियर लावून माप दिलं आणि स्टीलचे चार स्लीव्ह फिरवून घेतले. असे बसले की अंगठ्यानं दाबून जावेत आणि हलू नयेत. खालच्या बाजूला एक वॉशर घालून शॉकअप चेनकव्हरपासून दूर घेतला, गॅसची नळकांडी सायलेन्सरला लागत नाही हे बघितलं. काम झाल्यावर मी मोबाईलवर फोटो काढला. इतका खूश होतो.

ट्रायलला आमच्या पोऱ्याला मागं बसवून पन्हाळा रोडला जाऊन आलो. मी बासष्ट किलोचा, पोऱ्या ओल्या फडक्यासारखा. गाडी झोपल्यागत गेली. मामांना सांगितलं, न्या बिनघोर.

जोतिबाला पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. मामा देवळाच्या खालच्या अंगाला, पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर लावून उभे. मामी पिशवी पोटाशी धरून बाजूला. "मी म्हटलं, चालत उतरतो, तर ऐकत्यात कुठं," त्या मला बघताच म्हणाल्या. मामांचं वजन पंचाऐंशीच्या घरात, मामींचं सत्तरच्या, आणि पिशवीत नारळ.

मी उकिडवा बसून मोबाईलची बॅटरी मागच्या मडगार्डखाली मारली. आतली बाजू गुलाल आणि चिखलानं माखून गुलाबी-तपकिरी झाली होती. त्या राड्याच्या बरोबर मधोमध, चार बोटं रुंद, टायरनं घासून आरशासारखा केलेला पट्टा. पट्ट्याच्या कडेला ब्रेकलाइटची वायर. तिला धरणारी पत्र्याची क्लिप चपटी होऊन बाजूला पडलेली, आणि वायरचं वरचं प्लास्टिक सोलून आतली तांब्याची तार उघडी. ब्रेक दाबला की तिच्यात करंट येणार, तार मडगार्डला टेकणार, फ्यूज उडणार. घाटाचा रस्ता, ब्रेक सतत पायाखाली. अजून काय व्हायचं?

"स्पीडब्रेकरवर एकदा खरकन आवाज आलेला," मामा म्हणाले. "मला वाटलं डबल स्टँड घासला."

वायरला टेप गुंडाळला, ती मडगार्डपासून लांब बांधली, फ्यूज घातला. मामी माझ्या गाडीवर बसल्या, मामा एकटे सावकाश पुढं. रात्री नऊला दोन्ही गाड्या गॅरेजसमोर.

दुसऱ्या दिवशी जे केलं ते खरं म्हणजे पहिल्या दिवशी करायचं होतं. दोन्ही शॉकअप उतरवले, स्प्रिंगा काढल्या आणि नुसते रॉड-नळ्या परत गाडीला लावल्या. स्प्रिंग नसली की चाक हातानं वर उचलता येतं, अगदी शेवटपर्यंत. पोऱ्यानं चाक वर दाबलं आणि मी बघत राहिलो. शॉकअप मिटायच्या आधीच टायर मडगार्डला भिडला.

जुना आणि नवा दोन्ही पूर्ण मिटवून मापले. उघडा असताना ८ मिलिमीटर लांब असलेला नवा शॉकअप मिटल्यावर जुन्यापेक्षा १२ मिलिमीटर आखूड होत होता. त्याचा स्ट्रोकच, म्हणजे रॉड आत सरकायचं अंतरच, २० मिलिमीटर जास्त. ज्या गाडीसाठी तो बनला, तिच्यात तेवढं चाक वर जायला जागा आहे. आरएक्समध्ये नाही. त्यात शॉकअप तिरका बसतो, म्हणून रॉड बारा सरकला की चाक त्याहून थोडं जास्तच वर जातं. वर आणखी एक गोष्ट मी रोज बघत होतो आणि मोजली नव्हती. कंपनीचा मागचा टायर २.७५-१८, म्हणजे पावणेतीन इंची, मामांनी टाकलेला ३.००-१८, म्हणजे तीन इंची. नुसत्या टायरनंच मडगार्डखालची दोन सूत जागा खाल्लेली. मी आणि पोऱ्या मिळून ती स्प्रिंग शेवटपर्यंत दाबणार कशी? ते काम मामा-मामी आणि नारळांचं.

उघडं माप सगळे घेतात. दुकानदारही तेवढंच सांगतो. वीस वर्षं हातात पाना धरून मीही तेवढ्यावरच भुललो, आणि त्या स्लीव्हच्या फोटोचं नंतर हसू यायला लागलं.

शॉकअप परत करून दुसरे शोधता आले असते. पण स्प्रिंग मामांच्या ओझ्याला बरोबर बसली होती आणि मामींची कंबर आठ दिवस गप्प होती. म्हणून स्ट्रोकच अडवायचा ठरवलं. टर्नरकडून पीयूच्या, म्हणजे रबरासारख्या कडक प्लास्टिकच्या, रॉडचे दोन जाड वॉशर फिरवून घेतले, रॉडवरचा डोळा खोलून आत सरकवले. शॉकअप मिटताना आता तो वॉशर आधी लागणार. पहिला १२ मिलिमीटरचा केला, तो चेंगरून पुरेना. मग १८चा केला. टायर २.७५चाच घाला म्हटलं तर मामा ऐकेनात, "नवा हाय अजून," म्हणाले. त्याचा हिशेबही वॉशरमध्येच धरावा लागला. वायर मडगार्डच्या मधून काढून कडेनं, नळीत घालून नेली.

खात्री करायची होती ती मात्र मामा-मामींना बसवूनच. गणपती जवळ आलेले, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून पोऱ्यानं मूठभर शाडू आणला. मडगार्डखाली टायरच्या बरोबर वर त्याचा अंगठ्याएवढा गोळा चिकटवला.

"मिस्त्री, गाडीचाच गणपती बसवायलाय काय?" मामी म्हणाल्या.

मी म्हटलं, "मामी, नारळाची पिशवी घ्या मांडीवर. मामा, चौकातल्या स्पीडब्रेकरवरनं जरा जोरात."

तीन फेऱ्या झाल्या. मी गाडीखाली डोकं घातलं. शाडू चपटा झाला होता, त्यावर टायरच्या नक्षीचा ठसा उमटला होता. चाकूनं कापून व्हर्नियर लावला. सात मिलिमीटर जागा उरली होती. मामा हेल्मेट न काढताच बसून होते. "बसू काय उतरू?" त्यांनी विचारलं.

"बसा," मी म्हटलं, आणि शाडू खरवडायला घेतला.