गोव्यातल्या सत्तरीचं रान उपग्रहातून मोजायचं, पण कुठल्या महिन्यातलं?

माट्टीचं झाड कुठलं आणि किंदळाचं कुठलं, हे उपग्रहाला कळत नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो पानांवरून परतलेला उजेड. एका हेक्टरात हा उजेड जितक्या तऱ्हांचा, तितक्या झाडांच्या जाती जास्त, या गृहीतकावर रानाच्या विविधतेचा सगळा हिशोब उभा आहे. गोव्यात ते कधी चालतं आणि कधी तोंडावर आपटतं, हे बरंचसं महिन्यावर ठरतं.

जून ते सप्टेंबर ढगांचे, ते सोडून द्या. मार्चची प्रतिमा स्वच्छ मिळते म्हणून बरेचजण तीच उचलतात, आणि तिथेच फसतात. तेव्हा माट्टी, किंदळ, नाणा यांची पानगळ झालेली असते. एनडीव्हीआय (हिरवेपणाचा आकडा: निअर इन्फ्रारेड या न दिसणाऱ्या उजेडातून लाल उजेड वजा, भागिले दोघांची बेरीज) ०.५ च्या खाली गेला की नेहमीची गाळणी ती झाडं 'वनस्पती नाही' म्हणून बाद करते. उंबरठा ०.३ वर आणावा तर जांभ्याची तांबडी माती आणि वाळलं गवत आत घुसतं. शिवाय वणवे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या होत्या. अशा जळलेल्या पट्ट्यांच्या कडा नकाशावर विविधतेसारख्या उजळतात. माझ्या मते दोन प्रतिमा घ्याव्यात, एक डिसेंबरच्या सुरुवातीची, एक फेब्रुवारीअखेरची, आणि दोन्हींचे बँड (उजेडाचे वेगवेगळे पट्टे) एकावर एक रचावेत. झाडं निष्पर्ण होण्याची वेळही मग जातीची खूण ठरते. गाळणी मात्र डिसेंबरच्याच प्रतिमेवर लावा.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांचा लेव्हल-२ए डेटा (हवेचा परिणाम काढून टाकलेला) कोपर्निकसच्या साइटवर फुकट आहे. १० मीटरचे ४ आणि २० मीटरचे ६ बँड घ्या, सगळे १० मीटरवर आणा. रेड-एज (लाल आणि निअर इन्फ्रारेडच्या मधले बँड) वगळू नका. सदाहरित रानात एनडीव्हीआय लवकर संपृक्त होतो, म्हणजे वाढायचा थांबतो; फरक रेड-एजमध्येच दिसतो.

आता सगळ्यात जास्त नडणारी चूक. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या फाइलींत प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा करून मगच १०००० ने भागायचं. समजा लाल बँडमध्ये १४०० आणि निअर इन्फ्रारेडमध्ये ४५०० आहे. वजाबाकी केली तर ४०० आणि ३५००, म्हणजे एनडीव्हीआय ०.७९. विसरलात तर ०.५३, आणि घनदाट रान झुडपी दिसायला लागतं. २०२१ ची प्रतिमा २०२३ शेजारी ठेवली की जंगल विरळ झाल्याचा आभास होतो तो असाच. (काही साइट्स ही वजाबाकी आधीच करून देतात. दोनदा केलीत तर उलटी गफलत.)

पुढचं काम यंत्राचं: सावल्या आणि ढग गाळा, मुख्य घटक (सगळ्या बँडांतला फरक थोडक्यात मांडणारे थर) काढा, डोळ्यांनी पाहून पट्टेदार घटक फेका, उरलेल्यांवर के-मीन्सने (सारखे पिक्सेल एकत्र करणारी पद्धत) साधारण ५० गट पाडा. मग १०० × १०० मीटरच्या प्रत्येक चौकोनात गटांचा शॅनन निर्देशांक, म्हणजे गट किती आणि किती समप्रमाणात आहेत याचा आकडा. त्याचा अर्थ प्लॉटवर पटकन समजतो: ४० झाडं, १० जाती, प्रत्येकी ४ असतील तर २.३०. त्याच १० जाती, पण ३१ झाडं एकाच जातीची आणि बाकी एकेक, तर १.०३.

पडताळणीसाठी जमिनीवरचे प्लॉट २० × २० मीटरचे, छातीच्या उंचीवर ३० सेंमीहून जास्त घेर असलेली झाडं मोजून. दाट छताखाली जीपीएस सहज १० मीटर चुकतो, म्हणजे एक पिक्सेल. म्हणून प्लॉट एकसारख्या रानाच्या मधोमध घ्या, रस्त्याच्या कडेला नको, पाय दुखले तरी.

काजूची बागायत हाताने रेखून वगळाच; रान आणि काजू यांची कड नेहमी सगळ्यात 'समृद्ध' येते. कुळागरांचं (गोव्यातल्या मिश्र बागांचं) काय करायचं यावर वाद आहे. माड, पोफळी, केळ, मिरी खरोखरच एकत्र असतात, पण ते रान नव्हे. मी वगळतो.

आणि सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राई, म्हणजे देवराई. तिथली जायफळकुळातली झाडं पाणथळीत, गुडघ्यासारखी मुळं वर काढून उभी असतात. वरून मात्र सगळं एकसारखं हिरवं, म्हणून निर्देशांक कमी येतो, आणि हेक्टरी चौकोनात तेवढीशी राई विरघळूनही जाते. तिची हद्द जीपीएस घेऊन, काठाकाठाने चालत आखायची आणि नकाशावर वेगळा थर म्हणून ठेवायची.