होडी पाण्यात सोडायची की लग्नात न्यायची?

एप्रिल अर्धा सरलाय, तापमान सहा अंश, आणि मी स्टॉकहोमजवळ मेलारेन तळ्याच्या काठावर दोन लाकडी घोड्यांवर टाकलेल्या फळीवर उभा राहून बोटीचं अंग घासतोय. कानटोपी, गॉगल, तोंडाला फडकं. गावच्या कुणी पाहिलं असतं तर दरोडेखोर समजून ओरडले असते.

बोट म्हटल्यावर लगेच श्रीमंती डोळ्यासमोर आणू नका. १९७८ सालची, फायबरग्लासची, २७ फुटी शिडाची होडी. ऑफिसातल्या मित्राबरोबर अर्ध्या भागीत, जुन्या मारुतीच्या भावात घेतलेली. इथं ऑक्टोबरात सगळ्या बोटी क्रेननं बाहेर काढतात, ताडपत्रीखाली झाकतात आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा पाण्यात सोडतात. मी मालवणकडचा, त्यामुळे ही रीत मला अजिबात परकी वाटली नाही. आपल्याकडं जून-जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली. तिकडं पावसाची भीती, इकडं बर्फाची.

परकं होतं ते पॉलिशर, म्हणजे पॉलिश करायचं मशीन. फायबरग्लासवर जेलकोट म्हणून रंगीत राळेचा थर असतो, जेमतेम अर्धा मिलिमीटर. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तो वरून मरतो, खडूसारखा होतो. आमची होडी गडद निळी. पांढरं फडकं फिरवलं की निळी पूड यायची. पॉलिश म्हणजे वरून काहीतरी चोपडायचं, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात आधी तो मेलेला थर कंपाउंडनं (म्हणजे घासायच्या खरखरीत लेपानं) खरवडून काढायचा, मग बारीक पॉलिश, आणि अगदी शेवटी मेण.

भाड्यानं आणलेलं मशीन तीन किलोचं, पुढं मेंढीच्या लोकरीची गोल गादी. पहिल्याच दिवशी मी गादीला कंपाउंड लावलं आणि मशीन हवेतच चालू केलं. पुढच्या क्षणी माझा गॉगल, मिशा आणि शेजारच्या बोटीची नुकतीच मेण लावलेली बाजू, सगळीकडं पांढरे शिंतोडे! त्या बोटीचे मालक सत्तरी ओलांडलेले. मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो. तोंडावर मात्र नुसतं नाव घ्यावं लागतं, या देशात अहो-जाहो उरलेलंच नाही. जीभ अजून अडखळते. ते रागावले नाहीत. फळीवर चढून त्यांनी माझ्या हातून मशीन घेतलं, वायर खांद्यावरून पाठीमागं सोडली (नाहीतर ती गादीत गुंडाळते), गादी बोटीला सपाट टेकवली आणि मगच बटण दाबलं. आधी अगदी सावकाश फिरवून कंपाउंड पसरवलं, मग वेग वाढवला. एका वेळी दोन फुटांचा चौकोन, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. मधूनच जुन्या टूथब्रशनं गादीची लोकर विंचरायची, कारण कंपाउंड वाळलं की तिचे गठ्ठे होतात.

"दाबू नकोस," ते म्हणाले. "मशीनला स्वतःचं वजन आहे."

ऐकलं. पण तास-दोन तासांनी खांदे भरून आले, निळा रंग खालून ओला असल्यासारखा वर यायला लागला आणि मला चेव चढला. मागच्या बाजूच्या कोपऱ्यावर, जिथं जेलकोट मुळातच पातळ असतो, मी जोर दिला. जळका वास आला. मशीन उचललं तर रुपयाएवढा फिकट डाग. आतलं फायबर डोळे वटारून बघत होतं. रंगीत जेलकोटची लुकण भरली, घासली. पण ४५ वर्षं उन्हात तापलेल्या निळ्याला डब्यातला निळा कसा जुळणार?

पाण्याखाली जाणारा भाग पॉलिश करत नाहीत. तिथं समुद्रातल्या बोटींना तांब्याचा विषारी रंग लावतात. मेलारेन गोड्या पाण्याचं, स्टॉकहोमकर त्याचंच पाणी पितात. तिथं तो रंग चालत नाही. उन्हाळ्यात ब्रशनं शेवाळ घासायचं, बस्स. खाऱ्या पाण्यातले ते चिवट शिंपले इथं नाहीत, एवढंच सुख.

दोन शनिवार-रविवार गेले. संध्याकाळी आठच्या तिरप्या उन्हात बाजूनं पाहिलं की गादीचे गोल गोल माग दिसायचे, मग मऊ स्पंजची गादी लावून पुन्हा तेच. शेवटी होडीच्या अंगात शेजारची झाडं सरळ दिसायला लागली, तेव्हा व्हिडिओ कॉल केला तो थेट आबांना. त्यांनी जन्मभर लाकडी होड्यांना माशाचं तेल चोळलेलं. बराच वेळ काहीच बोलले नाहीत.

"होडी पाण्यात सोडूची आसा, की लग्नात न्हेवची आसा?"

मी खूश. फोन हातात धरून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत सगळी होडी त्यांना फिरवून दाखवली.

"थांब," आबा म्हणाले. "मागच्या कोपऱ्यात ठिगळ कसला ता?"