तुळशीवृंदावनातली फायनल

एप्रिलमध्ये मालवणला जाऊन आइस हॉकीची फायनल बघितली असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नेमकी कुठे?" म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

१८ एप्रिल २०२५, गुड फ्रायडे. शुक्रवार, शनिवार, रविवार सलग सुट्टी आणि सोमवारची रजा. ही युक्ती फक्त मलाच सुचली आहे या समजुतीत आम्ही पहाटे पुण्याहून निघालो. राधानगरी येईपर्यंत समजूत उतरली. फोंडा घाटात गाड्या मुंगीच्या पावलानं चालल्या होत्या आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी ओकत होतं, आमच्याही गाडीत. सिंधुदुर्ग किल्ला शनिवारी झाला, होडीच्या रांगेत दीड तास उभं राहून. तारकर्लीला पाण्यापेक्षा स्कूबावाल्यांच्या हाकाच जास्त अंगावर येतात. एवढ्या गर्दीत समुद्र तरी कसा आवडावा? पुन्हा सलग सुट्टीत कोकणात जाणार नाही असं मी दर वर्षी म्हणते, आणि दर वर्षी जाते.

तर आइस हॉकी.

ही माझी खाज जुनी आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत लेहला जाणं झालं होतं. तिथे कारझूच्या गोठलेल्या तळ्यावर पोरी खेळताना पाहिल्या. दोघीतिघी खराट्यासारख्या झाडूनं बर्फावरचा भुगा बाजूला करत होत्या, बाकीच्या काठावर बसून बुटांच्या नाड्या आवळत होत्या. हातमोज्यांशिवाय. मला दोन स्वेटर आणि जाकीट घालूनही बोलता येत नव्हतं. भारताचा महिला संघ २०१६ साली पहिल्यांदा तैपेईला खेळायला गेला तो मुख्यतः अशा तळ्यांवर शिकलेल्या लडाखी पोरींच्या जिवावर. पुढच्याच वर्षी बँकॉकला त्यांनी फिलिपिन्सला ४-३ हरवलं, तो आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय. तळं दोन-अडीच महिने गोठतं, तेवढाच सराव. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी देहरादूनला बांधलेलं बंदिस्त मैदान कित्येक वर्षं नुसतं कुलूप लावून पडलं होतं. लेहहून आल्यापासून महिला आइस हॉकीचं काहीही दिसलं की मी बघते. घरात याला "आईचं ते बर्फाचं" म्हणतात.

त्या वर्षीची महिलांची जागतिक स्पर्धा झेक प्रजासत्ताकात चेस्के बुडेयोव्हित्से नावाच्या शहरात होती. (नाव लिहिताना तीनदा खोडलं.) ९ एप्रिलला सुरू झालेली आणि फायनल नेमकी आमच्या सहलीच्या रविवारी, २० तारखेला. कॅनडा विरुद्ध अमेरिका. हे दोन देश सोडून आजवर ही स्पर्धा कुणी जिंकलेलीच नाही, त्यामुळे नवल काही नाही, पण सुटतही नाही.

आमचा मुक्काम दांडीच्या बाजूला एका घरगुती ठिकाणी होता. पुढे सारवलेलं खळं, मधोमध तुळस, मागे माड. घर चालवणाऱ्या काकी साठीच्या पुढच्या. त्यांच्या आंबोळ्या आणि तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी याबद्दल वेगळं लिहीन म्हणते, म्हणजे लिहिणार नाही. काका मासळीच्या धंद्यातले. रविवारी सकाळी ते बर्फ आणायला निघाले तेव्हा मी हट्टानं त्यांच्या टेम्पोत बसले. नवऱ्याला वाटलं मी मासे घ्यायला चाललेय.

बर्फाचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. नाकात अमोनियाचा वास भरला. जमिनीत मोठा हौद, त्यावर लाकडी फळ्या अंथरलेल्या, एका फळीवरून दुसरीवर माणसं अनवाणी चालत होती. फळी उचलली की खाली ओळीनं पत्र्याचे उंच डबे बुडवलेले दिसतात. डब्यांत गोडं पाणी आणि बाहेर, हौदात, मिठाचं. काकांनी सांगितलं, "मिठाचा पाणी शून्याखाली नेलास तरी गोठणा नाय. ता थंड रवता आणि डब्यातला गोठवता." रात्रभर आणि वर अर्धा दिवस असा एका लादीला वेळ लागतो म्हणे. साखळीनं डबा वर ओढतात, साध्या पाण्यात क्षणभर बुडवतात, तिरका करतात, आणि आतली लादी सुटून धाडकन फरशीवर येते. कडेनं काचेसारखी आरपार, मधोमध दुधाळ पांढरी रेघ.

एका पोरानं आकडा लावून लादी ढकलली. ओल्या फरशीवरून ती जी सुटली ती सरळ वीसेक फूट गेली आणि भिंतीला आपटून फिरली. मी नकळत "गोल!" म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काकांनी माझ्या वतीनं ओशाळून घेतलं.

मला हसू येण्याचं खरं कारण ते नव्हतंच. आइस हॉकीचं बंदिस्त मैदानही याच हिशेबानं गोठवतात: फरशीच्या पोटात नळ्यांचं जाळं, पुष्कळ ठिकाणी त्या नळ्यांतून असंच मिठाचं थंडगार पाणी खेळवतात, आणि वर पाण्याचे पातळ थर एकावर एक फवारतात. जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा बर्फ, त्यावर जगज्जेतेपद. इथे त्याच युक्तीनं केलेल्या लादीचा चुरा करून क्रेटमध्ये सुरमईच्या अंगावर घालतात.

रात्री जेवणानंतर पडवीतला टीव्ही अर्थातच आयपीएलला. मुंबई-चेन्नई, तेही वानखेडेवर, म्हणजे मी तोंड उघडायचाही प्रश्न नव्हता. माझा नवरा, मुलगा, काका, शेजारच्या खोलीतले पाच जण आणि त्यांचा तो ब्लूटूथ स्पीकर. या स्पीकरनं दोन रात्री मला झोपू दिलं नव्हतं. समुद्राकाठी येऊन समुद्राचा आवाज ऐकू येऊ नये यासाठी माणसं किती पैसे खर्च करतात! मी कोपऱ्यात फोन घेऊन बसले होते आणि पहिल्या दोन पिरियडमधलं निम्मं चित्र मध्येच थांबलेलंच पाहिलं.

काकी भांडी आवरून आल्या आणि माझ्या खांद्यावरून वाकल्या.

"ह्यां काय बघतंस गो? मुंग्यो धावल्यासारख्यो दिसतत."

मी सांगितलं, बायका आहेत, बर्फावर हॉकी खेळतायत.

"बर्फावर कित्याक? जमीन नाय त्यांच्याकडे?"

याचं उत्तर मला आजही नीट देता येणार नाही.

रोहित आणि सूर्या यांनी मिळून चेन्नईचा निकाल सोळाव्या षटकातच लावला, नऊ गडी राखून. आरडाओरडा झाला, फटाके वाजले, स्पीकर पुन्हा सुरू झाला. आणि मग कोकणातल्या विजेनं माझ्यावर उपकार केले. ती गेली. स्पीकर थोडा वेळ बॅटरीवर कण्हला आणि मेला. पंखा बंद पडल्यावर माणसं कुरकुरत झोपायला गेली. पण विजेबरोबर वाय-फायही गेलं, आणि माझा फोन कोरा झाला.

"तुळशीकडे जा," अंधारातून काकी म्हणाल्या. "माझो झील थंयच उभो रवान मुंबयक फोन करता. रेंज मिळता."

खरंच मिळत होती, पण फक्त वृंदावनाच्या एका अंगाला. हात उंच धरून उभी राहिले तर चित्र येई, खाली घेतला की जाई. काकींनी माझी ती कसरत थोडी बघितली. मग पुढे येऊन वृंदावनाच्या देवळीतली विझलेली पणती उचलली, पदरानं आतली काजळी पुसली आणि म्हणाल्या, "ठेव हय." फोन देवळीत अगदी मापानं बसला. आम्ही दोघी खळ्यात गोणपाट टाकून बसलो. काळोख मिट्ट, आणि देवळीत पांढराशुभ्र बर्फ.

३-३. तिसऱ्या पिरियडमध्ये कॅनडाच्या सारा फिलियरनं बरोबरी साधली होती, आणि सामना जादा वेळेत गेला होता. जादा वेळेत गोलरक्षक सोडून दोन्हीकडे तीन-तीनच खेळाडू, पहिला गोल तो शेवटचा. मैदान एकदम ओसाड वाटायला लागतं. काकींना मी जमेल तसं सांगत होते. ती काळी चकती रबराची, खेळापूर्वी थिजवून ठेवतात, नाहीतर चेंडूसारखी उसळते. बायकांच्या खेळात पुरुषांसारखं अंगावर आदळून पाडायला बंदी आहे. १९९०ला ओटावात पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली तेव्हा यजमान कॅनडाच्या बायकांना चक्क गुलाबी जर्सी दिल्या होत्या, आणि त्या जर्सीत त्यांनी फायनलला अमेरिकेला ५-२ हरवलं. माझा या गुलाबीवर राग आहे, तो मी व्यक्त केला.

काकी म्हणाल्या, "बर्फावर दिसतली तरी."

२०१९ची फिनलंडची गोष्टही सांगितली. घरच्या मैदानावर, एस्पोला, फायनलच्या जादा वेळेत त्यांनी गोल केला, खेळाडूंनी एकमेकींवर उड्या मारल्या, आणि मग व्हिडिओ बघून पंचांनी गोल रद्द केला. गोलरक्षकाला अडथळा झाला म्हणून. शेवटी शूटआउटमध्ये अमेरिका जिंकली. "म्हणजे पंचान खाल्ल्यान," काकींनी निकाल दिला. माझंही तेच मत आहे, फक्त मी इतकी वर्षं ते सभ्य शब्दांत मांडत होते.

तेवढ्यात कॅमेरा अमेरिकेच्या गोलजवळ गेला. "ही ती आदली नाय," असं काहीसं काकी म्हणाल्या. मला आश्चर्य वाटलं. एवढी शिरस्त्राणं, एवढी पॅडं, बाईनं तरी ओळखलं. मी सांगितलं, पहिली गोलरक्षक एरिन फ्रँकेल, तिच्या डोक्याला समोरच्या खेळाडूचा गुडघा लागला, तिला बाहेर जावं लागलं. ही राखीव, ग्विनेथ फिलिप्स.

"मगे हिका आयत्या वेळार उभी केल्यानी?"

"हो."

काकी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. फिलिप्सनं एक अडवला, लगेच दुसरा पायानं. मग त्या देवळीकडेच बघत सांगू लागल्या. लग्नाला पंधरा दिवस झालेले. सासू मासळी विकायला बसायची, ती तापानं पडली. पहाटे बंदरावर रापण लागली आणि मासे घरी आले. "सासऱ्यान काय एक सांगल्यान नाय. पाटी उचलल्यान आणि माझ्या डोक्यार ठेवल्यान. माका पेडव्याचो भाव म्हायत नाय, सुरमयेचो म्हायत नाय. बाजारात बायका विचारूक लागल्यो, नवी खंयची गो तू?"

"मग?"

"मगे काय. इकलंय."

त्या रात्रीपुरत्या काकी अमेरिकेच्या झाल्या. अमेरिकेच्याही नव्हे, त्या बदली पोरीच्या. कॅनडाची खेळाडू जवळ आली की माझ्या दंडाला चिमटा बसायचा. मी मनातून कॅनडाची, त्यांची कर्णधार मेरी-फिलिप पुलँ हिच्यापायी, पण ते बोलायची सोय उरली नव्हती. सतरा मिनिटं हे असं चाललं. डास फोडून खात होते. तीन-तीन जणींनी एवढं मोठं मैदान सतरा मिनिटं राखायचं म्हणजे काय होत असेल ते त्यांच्या पायांनाच ठाऊक. शेवटी शेवटी तर मोबाइलच्या पडद्यावरही दमलेलं दिसत होतं.

मग अमेरिकेच्या टेलर हाइझचा पास, टेसा जॅनेकी, आणि चकती आत. ४-३. नेमकं त्याच क्षणी चित्र गोठलं: जॅनेकीची काठी हवेत, आणि पुढे काही नाही. मध्यरात्र उलटून गेली होती. चित्र पुन्हा हललं तेव्हा सगळा संघ कोपऱ्यात ढीग होऊन पडला होता.

"ती खंय आसा?" काकींनी विचारलं.

फिलिप्स त्या ढिगाकडे चालली होती, एवढं अंगावर वागवत, दुडक्या चालीनं.

काकींनी फोन काढून माझ्या हातात दिला, पणती जागेवर ठेवली, "झोप आता, सकाळी घावणे करतंय," म्हणाल्या आणि आत गेल्या. वीज पहाटे आली. तिच्याबरोबर स्पीकरही.

सोमवारी परत. सुरमई बर्फाच्या चुऱ्यात बांधून दिली होती, ती राधानगरीच्या पुढे गळायला लागली आणि गाडीला तो वास अजून आहे.

जूनमध्ये काकींना फोन केला. पाऊस त्या वर्षी २५ मेलाच देवगडपर्यंत येऊन थडकला होता, त्यामुळे त्यांचे अर्धे रतांबे झाडावरच भिजले, हे पंधरा मिनिटं ऐकलं. मग माझी बातमी सांगितली: आपल्या पोरी, त्या लडाखच्या, आशिया कपला तिसऱ्या आल्या. ब्राँझ. सोनं फिलिपिन्सनं नेलं, ज्यांना आपण २०१७ला हरवलं होतं त्यांनीच, आणि रुपं इराणनं.

"खंय खेळल्यो?"

"अल ऐनला. दुबईच्या तिकडे."

"थंय तर वाळवंट मां?"

"हो."

"वाळवंटात बर्फ करतत?" पलीकडे पत्र्यावर पाऊस वाजत होता. "मगे आमच्या बंदरार इतक्या वर्सां बर्फ होता, हय कित्याक नाय करणत?"

मी विजेच्या बिलाचं, थंड ठेवायच्या खर्चाचं, देहरादूनच्या कुलपाचं काहीतरी सांगायला लागले.

"लायट सकाळधरून नाय," काकी म्हणाल्या. "भाचो पुण्याक येतासा शनवारी. आगळ व्हया तर सांग."

दोन बाटल्या सांगितल्या.