आधी उतार, मग चढ : पेरीज लुकडाउन ते ब्लू गम फॉरेस्ट

सह्याद्रीतला आपला हिशेब ठरलेला असतो. सकाळी ताज्या पायांनी गड चढायचा, वर पिठलं-भाकरी खायची, उन्हं कलली की उतरायला लागायचं. दमछाक आधी, सुटका नंतर. सिडनीच्या पश्चिमेला ब्लू माउंटन्स नॅशनल पार्कमध्ये हाच हिशेब उलटा होतो. गाडी पठाराच्या कडेला लावायची, कड्यावरून सहाशे मीटरांहून जास्त खाली उतरायचं, ओढ्याकाठच्या रानात फिरायचं आणि दुपारी, पाय बोलायला लागलेले असताना, तेवढंच पुन्हा चढायचं. उंचीचा फरक साधारण सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेएवढा. पण वाटेत ताक-सरबत विकणारं कुणी नाही, आणि दम संपला म्हणून मागे फिरण्याचीही सोय नाही, कारण गाडी वर आहे. ब्लॅकहीथजवळच्या पेरीज लुकडाउनवरून ब्लू गम फॉरेस्टला जाणाऱ्या वाटेवर जे काही बिघडतं, त्याच्या मुळाशी बहुधा हा उलटा हिशेबच असतो.

आधी दोन शब्दांचा घोळ मिटवू. ‘क्रीक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठाण्याची खाडी येते. ऑस्ट्रेलियात क्रीक म्हणजे ओढा, गोड्या पाण्याचा. खाली दरीत भेटते ती गव्हेट्स क्रीक, आणि ती जाऊन मिळते ग्रोझ नदीला. ‘बुश’ म्हणजेही झुडूप नव्हे, सबंध रान. त्यात साठ मीटर उंचीची झाडंसुद्धा आली.

सिडनीच्या सेंट्रल स्टेशनवरून ब्लू माउंटन्स लाइनची गाडी ब्लॅकहीथला साधारण दोन तासांत पोहोचते. पॅरामॅटा किंवा पेनरिथलाही ती पकडता येते. स्टेशनपासून पेरीज लुकडाउन सुमारे नऊ किलोमीटर. हॅट हिल रोडने जायचं, शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा. तिथे बस जात नाही. स्वतःची गाडी नसेल तर टॅक्सी जाता-येता दोन्ही वेळची आधीच ठरवून ठेवा, कारण दरीत मोबाइलला रेंज नसते आणि वर आल्यावरही तिचा भरवसा धरू नये. सकाळी आठच्या सुमाराला पहिली पायरी उतरायची, असा बेत असू द्या. जूनमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, सिडनीत पाचच्या आतच सूर्य मावळतो, आणि कड्यांच्या आडोशाने दरीत त्याच्या बऱ्याच आधी अंधारून येतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी आणि पुन्हा त्याच सकाळी राज्याच्या नॅशनल पार्क खात्याच्या संकेतस्थळावर वाट उघडी आहे का ते पाहा. हा उपचार नव्हे. इथले कडे वालुकाश्माचे आहेत, पण त्या जाड थरांच्या मध्ये आणि खाली चिकणमातीच्या दगडाचे आणि कोळशाचे मऊ थर आहेत. पाऊस मुरला की मऊ थर आधी झिजतो, वरचा कातळ अधांतरी राहतो, आणि मग एखाद्या कोरड्या, लख्ख दिवशीसुद्धा सुटतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये वेंटवर्थ फॉल्सच्या वाटेवर दरड कोसळून दोघांचा जीव गेला. म्हणून ‘वाट बंद’ची पाटी दिसली की तिच्यापलीकडे पाऊल टाकू नये, मग वाट कितीही धडधाकट दिसो. उन्हाळ्यात वणव्याचा धोका तपासायचा. धोक्याची पातळी वर असेल तर सबंध पार्कच बंद ठेवतात.

हवामान पाहताना आणखी एक आकडेमोड करायची. अंदाज असतो ब्लॅकहीथचा, म्हणजे हजार मीटरांवरच्या गावाचा. सहाशे मीटर खाली उतरलं की हवा साधारण चार अंशांनी तापते. वर २८ असेल तर खाली ३२, आणि चढाई सुरू होते ती नेमकी त्याच उकाड्यातून. वर २८ च्या पुढचा अंदाज असेल तर हा ट्रेक त्या दिवशी करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे सगळ्यात चांगले महिने.

पाणी माणशी तीन लिटर, आणि ते सगळं घरून. खाली एवढा ओढा वाहत असताना पाठीवर तीन किलो कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण गव्हेट्स क्रीकच्या वरच्या अंगाला वस्ती आहे, तिथलं सांडपाणी-पावसाचं पाणी याच उतारांवरून येतं. ते उकळल्याशिवाय किंवा शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. ग्रोझ नदीचं दुखणं वेगळं आहे. तिच्या वरच्या भागात १९९७ मध्ये बंद पडलेली कोळशाची खाण आहे, आणि त्या खाणीतून पाझरणाऱ्या पाण्यातून जस्त नदीत उतरत आलं आहे. जंतू उकळून मरतात, धातू उकळून जात नाही. जागतिक वारसा म्हणून २००० साली नोंदल्या गेलेल्या रानातल्या नदीची ही गत वाचून वाईट वाटतं. निदान तिचं पाणी पिताना तरी ती ध्यानात असावी.

तीन लिटरची वाटणीही ठरवून ठेवा. उतरताना पाऊण लिटर, खालच्या रानात तेवढंच, आणि चढायला लागताना बाटल्यांमध्ये किमान दीड लिटर शिल्लक. एका लिटरमध्ये इलेक्ट्रॉलचं पाकीट घाला किंवा लिंबू-मीठ-साखर. खायला धपाटे, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या उत्तम. ब्रेडसारखं त्यांचं सॅकमध्ये भुसकट होत नाही. शिवाय शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर, ते चढासाठी राखून ठेवायचे. प्रत्येकाच्या सॅकमध्ये हेडटॉर्च, पातळ रेनकोट, एक गरम कपडा, शिट्टी आणि दहा सेंटीमीटर रुंदीच्या दोन लवचीक पट्ट्या. त्या कशाला, ते पुढे येईलच.

गटात एक पर्सनल लोकेटर बीकन हवाच. उपग्रहाला संकटाचा इशारा देणारं हे मुठीएवढं यंत्र ब्लॅकहीथच्या हेरिटेज सेंटरमध्ये आणि कटुंबा पोलीस स्टेशनवर फुकट वापरायला मिळतं. आपण कुठून कुठे जाणार आणि किती वाजता परतणार, याचा अर्ज सोबत भरायचा. हे आदल्या दिवशी उरकलेलं बरं. त्याच सकाळी केंद्र उघडण्याची वाट पाहिली तर उन्हाआधीचे दोन तास हातचे जातात.

आता वाट. पहिला अर्धा भाग कड्यातल्या खाचेतून उतरतो. दगडी पायऱ्या, कातळात खोदलेल्या खोबण्या, काही ठिकाणी गुडघ्याएवढ्या उंचीचे टप्पे. आपल्याकडचा बेसॉल्ट खरखरीत असतो, ओला झाला तरी शेवाळ नसेल तिथे बूट धरतो. वालुकाश्म कोरडा असताना त्याहून चांगली पकड देतो. मात्र ओला आणि हिरवट झाला की साबणासारखा. त्यावर पसरलेल्या असतात युकॅलिप्टसच्या सालीच्या लांब पट्ट्या आणि वाटाण्याएवढी टणक बोंडं, जी बुटाखाली गोट्यांसारखी फिरतात. पाऊल टाकण्याआधी साल पायाने बाजूला सारायची, टाच न रोवता पूर्ण तळवा टेकवायचा आणि वजन पुढच्या पायावर हळूहळू द्यायचं. पायरी उंच असेल तर सरळ उडी न मारता आडवं होऊन उतरा. काठ्या वापरत असाल तर उतारासाठी पाच-दहा सेंटीमीटर लांब करा.

उतारावर धाप लागत नाही, म्हणून माणसं भराभर सुटतात. इथेच दिवसाचं गणित चुकतं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, आणि त्यांचा थकवा तासाभराने, गुडघे लटपटायला लागल्यावर कळतो. तोवर खाली पोहोचलेलं असतं आणि त्याच मांड्यांनी वर यायचं असतं. म्हणून या दोनेक किलोमीटरच्या उताराला दीड तास द्या, दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं थांबा. नाडी घट्ट बांधा, म्हणजे बोटं बुटाच्या टोकावर आपटणार नाहीत. नखं आदल्या दिवशी कापलेली असावीत. काळंनिळं पडलेलं नख चढावरही छळतं. अर्ध्या उतारानंतर कडा मागे राहतो आणि पायथ्याचा घसारा लागतो. माती जास्त, नेचे वाढलेले, मुळं वाटेवर आलेली. अर्ध्यातच मांड्या थरथरत असतील तर तिथूनच परत फिरावं. खालचं रान पुढच्या वेळीही तिथेच असेल.

आणि ते असेल, याचं श्रेय १९३१ सालच्या काही डोंगरवेड्या मंडळींना आहे. त्या वर्षी ईस्टरला ॲलन रिग्बी आणि त्यांचे सोबती या रानात मुक्कामाला होते. तेव्हा इथली झाडं तोडून अक्रोड लावायचा बेत असलेला पट्टेदार त्यांना भेटला. मोलभाव होऊन १३० पौंडांवर सौदा ठरला. मंदीच्या दिवसांत भटक्यांनी वर्गणी काढली, उसनवारी केली, पैसे भरले आणि पट्टा सोडवून घेतला. १९३२ मध्ये हे रान राखीव झालं. ब्लू माउंटन्स नॅशनल पार्क व्हायला त्यानंतर १९५९ उजाडलं. कुऱ्हाडीआधी पोहोचून वर्गणीतून वाचवलेलं हे रान बघायला जाताना ही गोष्ट माहीत असायलाच हवी.

झाडं आहेत माउंटन ब्लू गम, युकॅलिप्टस डीनिआय. खोडं गुळगुळीत, फिकट निळसर-करडी, सरळ वर गेलेली, पहिली फांदी मान मोडेपर्यंत वर. गव्हेट्स क्रीक आणि ग्रोझ यांच्या संगमाजवळ पुराने आणून टाकलेल्या खोल गाळात ती वाढली आहेत. कड्यावरच्या खुरट्या, वाकड्या झाडांशेजारी ठेवली तर एकाच कुळातली वाटणार नाहीत. जमिनीवर पालापाचोळा उकरणारा लायरबर्ड दिसू शकतो. ऐकू तर येतोच, पण तो दुसऱ्याच पक्ष्यांच्या आवाजात बोलत असतो. वणव्यांनी हे रान पुन्हा पुन्हा होरपळलं आहे, २००६ मध्येही. आगीने पोखरलेल्या फांद्या वारा नसतानाही तुटतात, म्हणून डबा उघडायला मोठ्या झाडाखालची सावली न निवडता मोकळी जागा निवडा. ब्लू गमच्या रानात तंबू लावायला आणि काहीही पेटवायला बंदी आहे. त्यामुळे मुळांवरची माती दाबली जात नाही आणि नवी रोपं तग धरतात.

इथून गव्हेट्स क्रीकच्या काठाने वरच्या अंगाला सुमारे एक किलोमीटरवर अकेशा फ्लॅट नावाची मुक्कामाची जागा आहे. दिवसाच्या ट्रेकला तिथपर्यंत जाऊन परत येणं पुरे. अंतर थोडं, पण वाट फसवी आहे. पूर येऊन गेला की पायवाटेवर वाळू, ओंडके, झाडोरा साचतो आणि चारी बाजूंना वाटेसारख्या मोकळ्या पट्ट्या दिसायला लागतात. नियम साधा ठेवा: पाच मिनिटं पाटी, तुडवलेली माती किंवा कापलेला ओंडका यांपैकी काहीच दिसलं नाही, तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या. पात्रातून शॉर्टकट काढू नका, ओले गोटे घोटा मुरगाळायला टपलेले असतात. या रानात येणाऱ्या दुसऱ्या दोन वाटांपैकी लॉकलीज पायलनची गव्हेट्स क्रीक ओलांडते आणि पिअर्सेस पासची ग्रोझ नदी; पाऊस पडून गेला असेल तर दोन्हींचा नाद सोडा. पाऊस वर पठारावर पडतो आणि पाणी खाली चढतं, आपल्या डोक्यावर ढग असो वा नसो.

आता त्या दोन पट्ट्या. इथे टायगर स्नेक, ब्राउन स्नेक, रेड-बेलीड ब्लॅक स्नेक असे विषारी साप आहेत. चावा झालाच तर जखम धुऊ नका, कापू नका, वर दोरी आवळू नका. चाव्याच्या जागी पहिली पट्टी गुंडाळा, मग बोटांपासून सुरू करून वरपर्यंत सबंध हात किंवा पाय, मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तेवढी घट्ट. काठीचा आधार बांधून तो अवयव हलणार नाही असं करा, माणसालाही चालवू नका, आणि बीकन सुरू करा. इथल्या सापांचं विष लसिकेतून पसरतं, दाब आणि स्थिरता त्याला रोखतात. हीच पट्टी महाराष्ट्रात घोणस किंवा फुरसं चावल्यावर मात्र बांधू नये. ते विष जागच्या जागी मांस नासवतं आणि दाबाने नुकसान वाढतं. पावसानंतर जळवाही लागतील. मीठ किंवा सॅनिटायझर लावला की सुटतात.

हिवाळ्यात साडेबारा ही परत फिरण्याची शेवटची वेळ धरा. चढाला अडीच ते तीन तास लागतात. निघण्यापूर्वी अर्धा तास आधी खाऊन घ्या, भरल्या पोटी लगेच चढू नका. पावलं छोटी, बोलता येईल इतकाच वेग, आणि गटातला सगळ्यात सावकाश माणूस पुढे. तो मागे राहिला तर बाकीचे थांबून विसावा घेतात, आणि तो पोहोचला की निघतात. ज्याला विसाव्याची खरी गरज, त्यालाच तो मिळत नाही. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी, दर तासाला चिक्कीचा तुकडा, भूक लागण्याआधी. पोटऱ्यांत गोळे यायला लागले तर बसून पंजा स्वतःकडे ओढा, मीठ-साखरेचं पाणी घ्या आणि मगच उठा. सगळ्यात खडा भाग शेवटी येतो, कड्यातल्या पायऱ्यांचा. त्याच्या पायथ्याशी अर्धा लिटर पाणी उरलेलं हवं.

वर पोहोचल्यावर बूट-मोजे काढून जळवा तपासा, बुटांची माती तिथेच झटका, म्हणजे मुळं कुजवणारी बुरशी दुसऱ्या रानात जाणार नाही. आणि ज्यांना परतायची वेळ कळवली होती, त्यांना रेंज मिळताच पहिला फोन करा. तुमचा निरोप आला नाही, तर शोधपथक दरीत उतरायला लागेल.