तुम्ही विचारलंत म्हणून: पुणं सोडून खानापूरला का आलो

भोसरीतल्या जुन्या शेजारणी, माहेरची माणसं, शिवाय रेल्वेची तयारी करणारी आमच्या भागातली पोरं, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. पुण्यासारखं शहर सोडून दोन लहान लेकरांना घेऊन कर्नाटकात बेळगावजवळच्या खानापूरला गेलात, सरकारी नोकरीसाठी एवढं करणं परवडलं का? फोनवर दोन वाक्यांत सांगून होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी नोकरीचं सांगते. माझ्या मिस्टरांनी रेल्वेच्या ग्रुप डीचा, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवरच्या भरतीचा, फॉर्म २०१९ ला भरला होता. तेव्हा एक लाखाच्या वर जागा होत्या आणि अर्ज एक कोटीच्या वर. परीक्षा झाली थेट २०२२ ला, मध्ये कोरोना येऊन गेला, आमची मोठी मुलगी चालायला बोलायला लागली, कंपनीतलं काँट्रॅक्ट दोनदा संपून परत सुरू झालं. मग फिजिकल, कागदपत्रं, मेडिकल असं करत २०२३ ला ऑर्डर आली. दक्षिण पश्चिम रेल्वे, हुबळी डिव्हिजन, पॉइंट्समन. नाव ऐकून बऱ्याच जणांना काम कळत नाही. स्टेशनात न थांबणारी गाडी जाताना प्लॅटफॉर्मच्या पलीकडच्या बाजूला उभं राहून दिवसा हिरवा झेंडा आणि रात्री हिरवा दिवा दाखवायचा, जाणाऱ्या गाडीच्या डब्यांखाली काही लोंबकळतंय का, धूर येतोय का ते बघायचं, सिग्नल बिघडला तर रुळावर जाऊन पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते ती जागा, क्लॅम्पनं घट्ट आवळून कुलूप लावायचं. जुलैमधे ही सगळी कामं रेनकोट घालून रात्री दोनला करायची असतात. रेल्वेत लागला म्हणजे सुटला असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते, कारण या नोकरीचा मला अभिमान आहे आणि तिला कुणी आरामाची नोकरी म्हटलेलं मला खपत नाही.

आता पैसा. लेव्हल वनचा, म्हणजे सगळ्यात खालच्या पगारश्रेणीचा, बेसिक १८,००० पासून सुरू होतो, वर डीए म्हणजे महागाई भत्ता, तो २०२४ च्या जानेवारीत ५० टक्के झाला आणि नंतर वाढत गेला. घरभाडं भत्ता पुण्यासारख्या शहरात बेसिकच्या ३० टक्के, खानापूरसारख्या ठिकाणी १० टक्के, म्हणजे महिन्याला १८०० च्या आसपास. पेन्शन जुनी नाही, पगारातून पैसे कापून साठवायची एनपीएस आहे, त्यातून २०२५ च्या एप्रिलपासून ठरावीक पेन्शनची हमी असलेल्या यूपीएसचा पर्याय आलाय. सगळं धरून सुरुवातीला हातात आलं ते कंपनीत ओव्हरटाइम धरून मिळायचं त्यापेक्षा फार जास्त नव्हतं, हे खरं सांगते. फरक खर्चात पडला, भाडं निम्म्यावर आलं, दूध भाजी स्वस्त, आणि चंदगड तालुक्यातलं आमचं गाव इतकं जवळ आलं की तांदूळ, नाचणी, काजू, सगळं घरचंच येतं. पूर्वी पुण्याहून गावी जायचं म्हणजे रात्रीची एसटी, दोन लेकरं मांडीवर आणि सकाळी पाठ धरलेली. आता सासूबाई आजारी पडल्या तर बेळगाव शिनोळी करून आम्ही दुपारपर्यंत दारात असतो. याची किंमत मला पगाराच्या स्लिपवर दाखवता येणार नाही पण माझ्या हिशोबात ती सगळ्यात वर आहे.

पण खरा प्रश्न कुणी विचारतच नाही. सगळे विचारतात पगार किती, क्वार्टर मिळालं का, पास मिळतो का, पण माझ्या कामाचं काय झालं हे फार कमी जणांनी विचारलं. मी पुण्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघत होते, टॅली, जीएसटी, सगळं. बदली नाही, नवी नोकरी, त्यामुळे नवऱ्याची ऑर्डर आली की बायकोनं राजीनामा द्यायचा हे घरात कुणी बोलून न दाखवता ठरलेलंच होतं. ह्याबद्दल मला बोलायचंय कारण सरकारी नोकरीसाठी जागा बदलणाऱ्या बहुतेक घरांत असंच होतं आणि दोघांची बेरीज केली तर काही घरांत महिन्याचं उत्पन्न कमी होतं. हिशोब मांडताना दोन्ही पगार मांडा, एकच नको. मला इथं काम मिळायला वेळ लागला, आता बेळगावातल्या दोन दुकानदारांची जीएसटीची कामं करते, आठवड्यातून एक दोन फेऱ्या, बाकी घरून. खानापूर बेळगाव अंतर पंचवीस तीस किलोमीटर, आणि कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून बायकांना सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट आहे, शक्ती योजना म्हणतात, त्यासाठी आधारवर कर्नाटकचा पत्ता लागतो. म्हणून आल्या आल्या पहिल्यांदा आधारचा पत्ता बदलून घेतला. बस फुकट नसती तर त्या कामातनं माझ्या हातात फारसं काही उरलं नसतं.

दुसरी गोष्ट शाळा, आणि यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. इकडं मराठी माणूस सरकारी नोकरीला येतो तेव्हा मुलांना कुठल्या माध्यमात घालायचं हा साधा प्रश्न राहत नाही, त्याला १९५६ पासूनचा महाराष्ट्र कर्नाटक सीमावादाचा इतिहास चिकटलेला आहे, एक नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिवस, सुप्रीम कोर्टात २००४ पासून केस. मला त्या केसचं काय व्हावं हे विचाराल तर माझं मत आहे, पण पोरीच्या दप्तरात मी ते घातलं नाही. खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळा अजून बऱ्याच आहेत, काही ठिकाणी पट कमी झालाय हेही खरं. आम्ही मोठीला मराठी शाळेत घातलं. कर्नाटकच्या २०१५ च्या कायद्यानुसार राज्यात सगळ्या शाळांत कन्नड भाषा शिकवावी लागते, म्हणजे मराठी शाळेत गेली तरी कन्नड येणारच. आणि आलं. पहिल्या दिवाळीपर्यंत ती गल्लीतल्या मुलींबरोबर लंगडी खेळताना ओंदु, एरडु, मूरु मोजायला लागली आणि शेजारच्या कन्नड काकूंशी मी हातवारे करत असताना मधे उभी राहून दोघींना समजावून सांगायला लागली. मला स्वतःला अजून अडखळत येतं. बाजारात मराठी चालतं, दारावर शेजारीण "जेवलीस काय गे" म्हणूनच हाक मारते, पण बँकेतला फॉर्म, ग्रामपंचायतीची नोटीस, लाइट बिल, सगळं कन्नडात. ज्यांना यायचंय त्यांनी किमान अक्षरं वाचायला शिकूनच यावं असं माझं ठाम मत आहे. कुणाच्या भीतीनं नाही, आपली कामं दुसऱ्याला धरून करावी लागू नयेत म्हणून.

इंग्लिश मीडियममधे का नाही घातलं, केंद्राकडून शिक्षण भत्ता मिळतो ना, असंही विचारतात. मिळतो, २०२४ पासून एका मुलामागं महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे, दोन मुलांपर्यंत. शाळेचा दाखला दिला की मिळतो, फी किती भरली यावर तो ठरत नाही. आमची शाळा सरकारी असल्यामुळं तो पैसा आम्ही तिच्या पुस्तकांना आणि बेळगावातल्या स्विमिंगच्या क्लासला लावतो. एक अडचण मात्र आहे. इथं शाळा मे अखेर किंवा एक जूनला सुरू होते, महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर, आणि इथं मोठी सुट्टी दसऱ्याला, दिवाळीला थोडीच. त्यामुळे पुण्याची भावंडं दिवाळीत गावी येतात तेव्हा आमच्या मुलीची शाळा दोन दिवसांत सुरू झालेली असते. ती त्या वेळी फार रडते, मलाही वाईट वाटतं, आणि यावर अजून उपाय सापडलेला नाही.

पाऊस. पुण्याच्या माणसाला खानापूरचा पाऊस सांगून कळत नाही. जून संपता संपता मलप्रभा फुगते, कणकुंबी जांबोटीकडं तर आभाळ फाटल्यासारखा कोसळतो, लाइट जाते ती कधी कधी दुसऱ्या दिवशी येते. धाकटा तेव्हा दीड वर्षाचा होता, त्याचे कपडे वाळायचेच नाहीत, मालकिणीनं मागच्या पडवीत शेगडीवर वेताची मोठी टोपली पालथी घालून त्यावर लंगोट पसरायला शिकवलं. धुराचा वास यायचा पण सुके मिळायचे. त्या बाई नसत्या तर पहिल्या पावसाळ्यातच मी पोरं घेऊन परत गेले असते. दवाखान्याचंही आधीच बघून ठेवा, रेल्वेचं मोठं हॉस्पिटल हुबळीला आहे, लहान मुलाला रात्री ताप चढला तर आपण बेळगावच गाठतो.

तर परवडलं का? आमचं परवडलं, कारण गाव जवळ होतं, मराठी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि मला थोडं का होईना काम मिळालं. यातलं एक जरी नसतं तर मी वेगळं सांगितलं असतं. म्हणून जे विचारतात त्यांना मी म्हणते, ऑर्डर आली की पोस्टिंगचं गाव जुलै ऑगस्टमधे बघून या, डिसेंबरात नको, डिसेंबरात इथं सगळंच सुंदर दिसतं. शक्य तर बायकोला सोबत घ्या, भाड्याचं घर तिला बघू द्या. आणि पुण्याच्या शाळेतनं मुलांचा टीसी घेताना त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही करूनच घ्या, राज्य बदलताना ती मागतात. एमएच पासिंगची गाडी आणत असाल तर पुण्याच्या आरटीओची एनओसी निघायच्या आधीच काढा, वर्षभरात इथं नोंदणी करावी लागते आणि त्या एका कागदासाठी परत पुण्याला जायचं म्हणजे ड्युटीतली रजा जाते.